पहिला स्पिनिंग रॉड स्वतः बांधताना काय निवडावं आणि कुठे वेळ द्यावा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सात फुटी, मध्यम ताकदीचा आणि फास्ट ॲक्शनचा, मासे गरवायचा स्पिनिंग रॉड स्वतः बांधायचा आहे. ब्लँक (रॉडची नुसती दांडी) कोणता घ्यावा, गाईड (लाईन ज्यांतून जाते त्या कड्या) किती आणि कुठे बसवावेत, हँडल कॉर्कचं की ईव्हीएचं (दाट फोमचं), आणि ब्लँकचा ‘स्पाईन’ (त्याची जरा कडक बाजू) शोधणं खरंच इतकं महत्त्वाचं आहे का?

बरीच वर्षं मी रॉड बांधतोय आणि इतरांचे मोडलेले रॉड दुरुस्तही करतोय. ब्लँक कारखान्यात तयार होतो. रील सीट (रील बसवायची जागा), कॉर्क, गाईड या सगळ्या वस्तू विकत मिळतात. बांधणाऱ्याच्या हातात खरं तर दोनच गोष्टी उरतात: त्या ब्लँकवर वजन किती आणि कुठे चढवायचं, आणि लाईन त्याच्यावरून कुठल्या वाटेने न्यायची. नवखे लोक मात्र ब्लँक निवडण्यात दोन महिने घालवतात आणि गाईड कुठल्या तरी तयार तक्त्यावरून एका दुपारी बांधून टाकतात. तुम्ही यातला निम्मा वेळ तरी गाईडकडे वळवा. तयार रॉडपेक्षा तुमचा रॉड वेगळा ठरायचा असेल, तर तो तिथेच ठरतो.

ब्लँक बघण्याआधी एका कागदावर तीन गोष्टी लिहा: रील कोणतं लावणार, लाईन कोणती आणि किती ताकदीची, आणि किती वजनाचे ल्युअर (नकली आमिषं) फेकणार. ‘सगळ्यासाठी एक’ असं लिहू नका. समजा २५०० आकाराचं रील, १० पाउंडांची ब्रेड (विणलेली लाईन), पुढे फ्लुरोकार्बन लीडर (लाईनच्या टोकाला बांधायचा तुकडा) आणि ७ ते १४ ग्रॅमचे ल्युअर. आता निवडीला काही आधार मिळाला. पुढचं मी हेच धरून लिहितो.

ब्लँकच्या बाबतीत ताकद आणि ॲक्शन या दोन गोष्टींची लोक सर्रास गल्लत करतात. ताकद म्हणजे तो वाकवायला किती जोर लागतो. ॲक्शन म्हणजे तो कुठून वाकतो. फास्ट ॲक्शनमध्ये वाक शेंड्याकडे असतो, मॉडरेटमध्ये तो मध्यापर्यंत उतरतो, स्लोमध्ये पार हँडलपर्यंत. सिंगल हुकचा जिग (शिशाच्या डोक्याचा गळ) किंवा सॉफ्ट प्लॅस्टिक वापरायचं असेल तर फास्ट बरा, कारण हुक बसवताना झटका लगेच पोचतो. ट्रेबल हुकचे (तीन टोकांच्या गळाचे) क्रँकबेट, म्हणजे माशाच्या आकाराचे ल्युअर, ओढायचे असतील तर मॉडरेट घ्या. मासा उसळी मारतो तेव्हा रॉड खोल वाकून देतो आणि लहान हुक तोंडातून निसटत नाहीत. त्या कामाला फायबरग्लास किंवा ग्लास-कार्बन मिश्र ब्लँक आजही उत्तम आहे. जड असतो, पण आपटणं-धोपटणं सहन करतो. लहान मुलासाठी बांधत असाल तर दुसरा विचारच करू नका.

कार्बनच्या ब्लँकवर जे आकडे छापतात, त्यांनी बिचकू नका आणि भाळूही नका. मॉड्युलस म्हणजे त्या धाग्याचा कडकपणा. मॉड्युलस जास्त असेल तर तेवढ्याच कडकपणासाठी कमी धागा लागतो, म्हणून ब्लँक हलका होतो. पण त्याची भिंतही पातळ होते आणि तुटण्याआधी तो कमी ताणला जातो. जिगच्या शिशाचा एक टोला शेंड्यावर बसला तर आत बारीक इजा होते. ती दिसत नाही, आणि पुढे कधी तरी मध्यम आकाराच्या माशावर रॉड ‘उगीचच’ तुटतो. शिवाय ‘आयएम ६’सारखं नाव दर्जाचं प्रमाण नव्हे. ते मुळात एका धागा बनवणाऱ्या कंपनीच्या विशिष्ट धाग्याचं व्यापारी नाव आहे. दोन वेगवेगळ्या कारखान्यांचे ‘आयएम ६’ ब्लँक हातात घेतले तर नावापलीकडे त्यांच्यात काहीच सारखं नसू शकतं, कारण राळ कोणती, थर किती, मँड्रेलचा (ब्लँक ज्याभोवती गुंडाळतात त्या सळईचा) निमुळतेपणा कसा, यावर सगळं अवलंबून असतं. पहिल्या रॉडला मधल्या मॉड्युलसचा, नावाजलेल्या उत्पादकाचा ब्लँक घ्या आणि उरलेले पैसे गाईडवर घाला.

दोन ब्लँकची तुलना छापील शब्दांवर सोडायची नसेल तर ती घरीही मोजता येते. विल्यम हॅनेमन यांनी ‘कॉमन सेंट्स’ नावाची एक पद्धत मांडली आहे. ब्लँकचा जाड भाग आडवा घट्ट धरायचा, शेंड्याला हलकी पिशवी टांगायची आणि शेंडा लांबीच्या एक तृतीयांश खाली येईपर्यंत तिच्यात नाणी टाकत जायची. जेवढं वजन भरलं ती ताकद. त्या स्थितीत शेंड्याचं टोक आडव्या रेषेशी जो कोन करतं, तो ॲक्शन. कोन ६६ अंशांच्या वर गेला तर फास्ट, ५९च्या खाली राहिला तर स्लो. मी नवीन ब्लँक आला की हे करतोच, आणि ‘मध्यम’ छापलेले दोन ब्लँक किती दूर निघू शकतात हे दर वेळी नव्याने दिसतं.

आता वजनाकडे येऊ. यातला हिशेब एकदा डोक्यात बसला की पुढचे निम्मे निर्णय आपोआप होतात. तुमच्या मुठीपासून १८० सेंटिमीटरवर, म्हणजे शेंड्याजवळ, एक ग्रॅमचा गाईड बसवला तर मनगटाला तो मुठीपासून १५ सेंटिमीटरवरच्या १२ ग्रॅमइतका जाणवतो. हे नुसता धरून ठेवण्यापुरतं झालं. रॉड झटक्यात हलवता तेव्हा जडत्व अंतराच्या वर्गाने वाढतं. तिथे तोच एक ग्रॅम १५ सेंटिमीटरवरच्या १४४ ग्रॅमइतका अडतो. म्हणून रील सीट पाच ग्रॅमने हलकी मिळावी यासाठी जास्त पैसे मोजू नका. शेंड्याकडचे चार-पाच गाईड जमतील तेवढे लहान आणि हलके घ्या. तिथलं वजन उतरलं की कास्ट (फेक) सोडल्यावर शेंडा लटपटत राहत नाही, लगेच स्थिर होतो. एखादा जिवंत ब्लँक बांधून झाल्यावर मेल्यासारखा वाटतो, त्याचं कारण बहुतेक वेळा मोठे दोन पायांचे (ब्लँकवर दोन ठिकाणी बांधायचे) गाईड आणि त्यांच्यावर थापलेली जाड इपॉक्सी हेच असतं.

गाईडची कडी आणि चौकट असे दोन वेगळे विचार करा. ॲल्युमिनिअम ऑक्साईडची कडी ब्रेड, मोनो (एकपदरी नायलॉन लाईन) सगळ्याला पुरते. सिलिकॉन कार्बाईड त्याहून कठीण, जास्त गुळगुळीत आणि उष्णता पटकन वाहून नेणारं असतं. मोठ्या धावणाऱ्या माशांसाठी त्याचा उपयोग आहे, तुमच्या कामाला ते चैनीत मोडतं. क्रोम चढवलेल्या नुसत्या तारेच्या कड्या ब्रेडसाठी घेऊ नका. ब्रेड त्यांच्यात खाच पाडते आणि मग तीच खाच लाईन कापते. चौकट स्टेनलेसची चालेल. खाऱ्या पाण्यात नेमाने जाणार असाल तर टायटॅनिअम परवडत असेल तर घ्या, कारण स्टेनलेस आधी जोडाच्या ठिकाणी गंजायला लागतं. विकत आणलेल्या प्रत्येक कडीतून कापसाचा बोळा फिरवून बघा. तडा असेल तर कापसाचा एखादा तंतू तिथे अडकतोच.

मापं सांगतो. २५०० च्या रीलला पहिला गाईड २० मिलिमीटरचा उंच चौकटीचा, मग १०चा उंच, मग ५.५चा, आणि तिथून पुढे शेंड्यापर्यंत ५.५ किंवा ५चे एका पायाचे. सात फुटांवर टिप-टॉप (शेंड्याच्या टोकाची कडी) सोडून आठ-नऊ गाईड होतात. रील जितकं मोठं, पहिला गाईड तितकाच मोठा आणि उंच. इथे व्यासापेक्षा उंचीला जास्त महत्त्व आहे. एक गोष्ट मात्र विकत घेण्याआधी करा: तुमची नेहमीची लीडरची गाठ बांधा आणि ती सर्वांत लहान कडीतून हाताने ओढून पाहा. अडखळत असेल तर एक माप वर जा. गाठ दर कास्टला खडखडत जात असेल तर वाचवलेल्या त्या अर्ध्या ग्रॅमला काही अर्थ नाही.

आता जागा. स्पिनिंग रीलवरून लाईन मोठ्या वेटोळ्यांनी सुटते. पहिल्या दोन-तीन गाईडचं काम ती वेटोळी आवळत आणून सरळ करणं. त्यापुढच्या गाईडचं काम सरळ झालेली लाईन रॉडच्या वाकाबरोबर नेणं. या दोन कामांची हद्द कुठे, ते रीलच सांगतं. रील सीटमध्ये बसवा, स्पूल (लाईन गुंडाळलेली रिळाची चकती) ज्या दांड्यावर बसतो त्या दांड्याची सरळ रेष पुढे वाढवा. स्पूलच्या मध्यातून ताणलेला दोरा पुरतो. रीलचा दांडा थोडा वर तोंड करून असतो, त्यामुळे ती रेष पुढे कुठे तरी ब्लँकला येऊन भिडते. तिथे तुमचा आवळणारा शेवटचा गाईड, म्हणजे वरच्या हिशेबातला ५.५चा. त्याच रेषेत रीलपासून साधारण १८ ते २२ इंचांवर पहिला आणि मधे दुसरा असा बसवा की पुढून एका डोळ्याने पाहिलं तर एका कडीत दुसरी मावलेली दिसेल, फनेलमध्ये बघावं तशी.

हे तिन्ही गाईड आधी लहान रबर बँडने अडकवा. बाकीचेही तसेच, शेंड्याकडे अंतर कमी होत जाईल असे. मग रॉड साधारण ४५ अंशांत कशाला तरी नीट धरून ठेवा, सगळ्या गाईडमधून लाईन ओवा आणि माशाने ओढावी तसा वाकवा. आता बाजूने बघत बसा. घाई करू नका, या एका टप्प्यावर मी अख्खी संध्याकाळ घालवतो. लाईन प्रत्येक गाईडपाशी थोडी थोडी वळली पाहिजे. एका ठिकाणी मोडल्यासारखा कोन दिसला तर तिथला भार एकट्या गाईडवर आणि त्याखालच्या ब्लँकवर पडतोय. शेजारचे अर्धा सेंटिमीटर जवळ सरकवा. कुठे लाईन ब्लँकच्या वाकापासून फार लांब सुटली तर तिथे एक गाईड कमी आहे. सरकवा, परत वाकवा, परत बघा. समाधान झालं की रबर बँडच्या जागी चिकटपट्टी लावा आणि मोकळ्या जागी जाऊन, हुक काढून, तीस-चाळीस कास्ट करा. पहिला गाईड इंचभर पुढे-मागे केल्याने लाईनचा आवाजसुद्धा बदलतो. लाईन चौकटीवर फटफटत होती ती एकदम नुसती सूं करत जायला लागली की ती जागा पेन्सिलने मार्क करा.

स्पाईनबद्दल. ब्लँक म्हणजे मँड्रेलवर गुंडाळलेलं राळभरलं कापड. गुंडाळीची सुरुवात आणि शेवट जिथे एकमेकांवर येतात, तिथे भिंत किंचित जाड होते आणि ती बाजू जरा कडक असते. ब्लँक टेकवून, वाकवून फिरवला की तो एका जागी उडी मारून बसतो, तो हाच स्पाईन. मात्र त्या उडीत ब्लँकचा नैसर्गिक बाकही मिसळलेला असतो, त्यामुळे ही चाचणी वाटते तितकी खरी नसते. गाईड स्पाईनवर बसवले नाहीत तर रॉड हातात पिळवटतो, असं जे सांगतात ते मला पटत नाही, आणि ते स्वतः तपासणं सोपं आहे. लाईनचा ओढा ब्लँकवर पडत नाही, तो कडीवर पडतो. कडी ब्लँकच्या वर असेल, जशी बेटकास्टिंग रॉडवर असते, तर ओढा तिला खाली फिरवू बघतो, स्पाईन कुठेही असो. म्हणूनच काही लोक बेटकास्टिंग रॉडवर गाईड गोल वळवत खालच्या बाजूला आणतात, आणि तो रॉड हातात शांत राहतो. स्पिनिंगमध्ये गाईड मुळातच खाली लटकतात, म्हणजे तुम्हाला तो प्रश्नच नाही. तुम्ही ब्लँकला नजर लावा, त्याचा थोडासा बाक वर-खाली येईल असा फिरवा आणि तिथे गाईडची रेष आखा. बाक डावी-उजवीकडे राहिला तर गाईड कितीही नेटके बांधले तरी रॉड वाकडा दिसतो.

हँडलबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. कॉर्क हलकं, ओल्या हातातही धरवतं आणि थोडं खराब झालं तर घासून भरता येतं. ईव्हीए धुवायला सोपं, दणके सोसणारं. जे हाताला आवडेल ते घ्या. लांबी मात्र तुमच्या हाताची असावी: रील धरलेली मूठ आणि कोपर यांमधलं अंतर मोजा. मागचं टोक कोपराच्या जरा मागे गेलं तर पुरे. त्याहून लांब टोक कपड्यात अडकत राहतं. भोक निमुळत्या कानसने थोडं थोडं मोठं करा. कॉर्क जोर करून ढकललं की हमखास उभं चिरतं.

रील सीटबद्दल मात्र माझ्याकडून एक ऐकाच. सीटचं भोक १६-१७ मिलिमीटरचं आणि ब्लँक तिथे ११-१२चा, म्हणजे मधली फट भरावी लागते. सुरुवातीच्या एका रॉडला मी मास्किंग टेपचे वेढे शेजारी शेजारी, अगदी फट न ठेवता दिले आणि वर इपॉक्सी लावून सीट सरकवली. दोन हंगाम सगळं ठीक होतं. मग एका सकाळी मासा लागलेला असताना रील हातात हळूच बाजूला कलंडलं. सीट ब्लँकभोवती गोल फिरत होती. घरी कापून पाहिलं तर आतला कागद भिजून लगदा झाला होता, आणि इपॉक्सी टेपला चिकटली होती, ब्लँकला कुठेच पोचली नव्हती. तेव्हापासून मी घट्ट फोमचे किंवा ग्रॅफाईटचे तयार आर्बर (फट भरणाऱ्या नळ्या) वापरतो. टेपच वापरायची असेल तर अरुंद तीन कडी करा, मधे चांगली फट ठेवा, आणि त्या फटी इपॉक्सीने तुडुंब भरा, म्हणजे सीट आणि ब्लँक यांच्यात थेट इपॉक्सीचा पूल होतो. टेपच्या कडाही इपॉक्सीखाली झाका. सीटखालच्या ब्लँकची फक्त चकाकी बारीक पॉलिश पेपरने उतरवा, धाग्यापर्यंत जाऊ नका. इपॉक्सी सावकाश सुकणारी घ्या. पाच मिनिटांची इथे नको. क्रम असा: आधी मागचं हँडल, मग सीट, मग पुढची मूठ, सगळं शेंड्याकडून खाली सरकवत.

गाईड ब्लँकवर दोऱ्याने बांधायला यंत्र लागत नाही. पुठ्ठ्याच्या खोक्याच्या दोन बाजूंना ‘व्ही’ आकाराच्या खाचा कापा, त्यात ब्लँक ठेवा, आणि दोरा एका जाड पुस्तकाच्या पानांमधून घ्या. पुस्तकावर आणखी एक पुस्तक ठेवलं की ताण वाढतो. मी पहिले कित्येक रॉड असेच बांधले. दोरा ‘ए’ मापाचा नायलॉन. त्याआधी प्रत्येक गाईडच्या पायाचं टोक कानसने निमुळतं करा, इतकं की दोरा ब्लँकवरून पायावर चढताना पायरी लागू नये. घासल्यावर पायाच्या खालच्या कडेवर धातूची बारीक कुसळं उभी राहतात. नखाने लागतात, डोळ्यांना दिसत नाहीत. ती बारीक पॉलिश पेपरने काढलीच पाहिजेत. माझ्याकडे दुरुस्तीला आलेले कित्येक रॉड नेमके गाईडच्या पायाच्या टोकापाशी तुटलेले असतात आणि दोरा सोडवला की ब्लँकवर तिथे एक केसासारखा आडवा ओरखडा सापडतो.

पायाच्या टोकाच्या चार-पाच मिलिमीटर आधी सुरुवात करा. पहिल्या फेऱ्या सुट्या टोकावरून आडव्या न्या, पाच-सहा फेऱ्यांनी टोक घट्ट झालं की ते कापा आणि पुढे जा. संपायच्या सहा-आठ फेऱ्या आधी दुमडलेल्या दोऱ्याचा फासा आत घाला. शेवटी टोक त्या फाशात ओवायचं आणि ओढून आत घ्यायचं. एका पायाच्या गाईडला पायाच्या पुढेही तीन-चार फेऱ्या टाका, नाही तर तो पुढे सरकून निघू शकतो. ताण एवढाच हवा की बांधून झाल्यावरही अंगठ्याने गाईड किंचित हलवता यावा, कारण सगळे गाईड एका रेषेत आणण्याचं काम इथे होतं. फेऱ्यांमधल्या फटी पेनाच्या गुळगुळीत टोपणाने घासून मिटवा.

इपॉक्सीच्या दोन्ही भागांचं माप अगदी सारखं घ्या, प्रत्येकी तीन मिलिलीटर, वेगळ्या सिरिंजने. रबरी दट्ट्याची सिरिंज टाळा. दट्ट्यावरचं सिलिकॉन मिसळलं की फिनिशमध्ये माशाच्या डोळ्यांसारखे खळगे पडतात. हातात मोजे घाला, कातडीला इपॉक्सीची ॲलर्जी एकदा जडली की जन्मभर राहते. तीन मिनिटं सावकाश ढवळा आणि लगेच ॲल्युमिनिअम फॉइलवर पसरून ओता. पसरलेली इपॉक्सी कमी तापते, जास्त वेळ वापरता येते आणि बुडबुडे वर येऊन फुटतात. पहिला थर पातळ, दोरा पूर्ण भिजेल एवढाच. रॉड फिरवणारी मोटर नसेल तर रॉड दर काही मिनिटांनी अर्धा वळसा फिरवत बसा, आणि खालच्या बाजूला जमणारा फुगवटा कोरड्या ब्रशने उचलत राहा. दमट किंवा गार दिवशी हे काम पुढे ढकला. दुसरा थर दुसऱ्या दिवशी, आणि तोही फक्त मोठ्या गाईडना; शेंड्याकडच्यांना मी एकच देतो. टिप-टॉप इपॉक्सीने चिकटवू नका. गरम करून वितळणारा गोंद वापरा, कारण सगळ्यात आधी टिप-टॉपच तुटतो आणि बदलावा लागतो.

चोवीस तासांनी फिनिश हाताला कोरडी लागेल, तरी आठवडाभर रॉड जोरात वाकवू नका. आणि कार्बनमधून वीज वाहते, त्यामुळे विजेच्या तारांखाली किंवा गडगडाटात तो हातात नको.

पहिल्या दोन-तीन वेळा गरवून आलात की प्रत्येक गाईडच्या पायाच्या टोकाशी भिंगातून पाहा. फिनिशमध्ये तिथे आडवी बारीक चीर दिसली तर तो पाय पुरेसा निमुळता झालेला नव्हता. तेवढाच एक गाईड सोडवा, घासा आणि पुन्हा बांधा. दोरा कापताना ब्लेड पायाच्या धातूवरून चालवा, ब्लँकवरून कधीच नको.